कोयता, खुकरी आणि नऊ इंची चाकू : आठ महिने लाकडं फोडल्यावर

मुळशीकडच्या आमच्या प्लॉटवर बंब आहे आणि बंबाला बारीक लाकूड लागतं. त्यामुळे ऑक्टोबरपासून दर शनिवारी कोथरूडहून जायचं, सुबाभळीच्या, गिरीपुष्पाच्या वाळक्या फांद्या तोडायच्या आणि बाभळीचे ठोकळे फोडायचे, हा कार्यक्रम ठरलेला. त्यासाठी तीन पाती आलटून पालटून वापरली : बोहरी आळीतला कोयता, नेपाळी खुकरी आणि बाहेरून मागवलेला नऊ इंची जाड चाकू.

कोयता घेताना दुकानदाराने आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. कोयता गँगच्या बातम्यांनंतर यात नवल नाही, पण साडेचारशे रुपयांच्या वस्तूसाठी बँकेत खातं उघडल्यासारखं वाटलं. नऊ इंचांहून लांब पातं शस्त्र कायद्यात येतं, शेतीच्या आणि घरकामाच्या हत्यारांना त्यातून सूट आहे. तरीही मी तिन्ही पाती गोणपाटात गुंडाळून डिकीत ठेवतो. चांदणी चौकात नाकाबंदी असली तर कायद्यावर चर्चा करायची माझी तयारी नाही.

तोडण्यात कोयत्याला तोड नाही. वजन टोकाकडे असल्यामुळे हात नुसता सोडायचा, बाकीचं काम पातं करतं. आडवा घाव घातला की ते उसळतं. एक तिरपा घाव वरून, एक खालून, की ढलपी उडून पायाशी पडते. मनगटाएवढं सुबाभूळ पाच-सहा घावांत खाली येतं. पुढच्या आकड्याने झुडपातली काटेरी फांदी ओढून घेता येते, ही सोय बाकी दोघांत नाही. मनगटाएवढ्या त्याच सुबाभळीला चाकूचे दहा-बारा घाव लागतात आणि मनगट संध्याकाळपर्यंत आठवण करून देतं.

खुकरीचं पातं दहा इंची, ट्रकच्या कमानपाट्याचं. पाठ तब्बल आठ मिलिमीटर. नेपाळी लोहार गरम पात्याच्या फक्त धारेवर किटलीने पाणी ओततात, त्यामुळे धार कडक होते आणि पाठ मऊ राहते. घाव खोल जातो, धार टिकते. पण मूठ पात्याच्या मागच्या बारीक शेपटीवर लाखेने बसवलेली. एप्रिलमध्ये दुपारभर उन्हात राहिली आणि दुसऱ्या दिवशी पातं मुठीत डुलायला लागलं. चूक माझी, पण घाम फुटला तो फुटलाच.

खरा फरक फोडताना कळला. ठोकळा उभा करायचा, पातं वर टेकवायचं आणि पाठीवर मोगरी मारायची. कोयत्याचं पातं पातळ, त्यामुळे ते पाचरीसारखं लाकूड उघडत नाही, नुसतं आत अडकून बसतं. खुकरीची जाडी उत्तम, पण पाठ वाकडी, मोगरी घसरते. चाकू मात्र इथे राजा. सरळ पाठ, पावणेपाच मिलिमीटर जाडी आणि पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध. गिरीपुष्पाच्या तर अंगठ्याएवढ्या काटक्या पटापट निघतात.

बाभळीने मात्र त्यालाही धडा दिला. जानेवारीत एका ठोकळ्यात गाठ होती, दिसत असूनही मी मोगरी हाणली. पातं निघालं तेव्हा धारेत तांदळाच्या दाण्याएवढी खाच. हे पोलाद १०९५ प्रकारचं, म्हणजे कार्बन ०.९५ टक्क्याच्या आसपास. धार छान धरतं, पण तिरका ताण सोसत नाही. खाच घालवायला दोन रविवार दगडावर बसलो. कोयत्याची धार अशा वेळी मुडते, तुटत नाही. कानशीचे दहा हात फिरवले की झालं.

गंज तिघांनाही चढतो. जूनच्या पहिल्या पावसात चाकू चामड्याच्या म्यानात तसाच राहिला. आठवड्याने म्यानावर हिरवी बुरशी, पात्यावर तांबडे ठिपके. आता पुसून खोबरेल लावतो आणि वर्तमानपत्रात गुंडाळतो. म्यान खिळ्याला लटकतंय.

चाकूच्या पैशात डझनभर कोयते आले असते, हे घरी अजून सांगितलेलं नाही. एकच घ्यायचं असेल तर कोयता घ्या आणि फोडायला शंभर-दीडशे रुपयांची लोखंडी पाचर. मी स्वतः चाकू विकणार नाहीये. खुकरीची मूठ नव्याने बसवली आहे; यंदा तिला उन्हापासून लांब ठेवून बघतो.