लिब्रेऑफिस रायटर : आठ महिने आणि नऊ बटणं

लालबागला आमच्या चाळीतल्या बचत गटाच्या बायकांना मी दर शनिवारी कॉम्प्युटर शिकवते. अर्ज लिहायचा, ऑर्डरची यादी करायची, प्रिंट काढायची, एवढीच त्यांची गरज. जूनपासून आम्ही लिब्रेऑफिस रायटर, म्हणजे पत्रं-अर्ज लिहायचा प्रोग्राम, वापरतोय. फुकट आहे हे खरंच, पण मला ते आवडलं वेगळ्या कारणासाठी: त्याचा पसारा आपल्याला हवा तसा आवरता येतो.

सुरुवातीला 'व्ह्यू'मधल्या 'यूजर इंटरफेस'मधून मी टॅबवाला प्रकार निवडला, म्हणजे बटणं वेगवेगळ्या टॅबखाली गटागटाने असतात तो, दिसायला नेटका म्हणून. चुकलंच माझं. कर्सर टेबलात गेला की वर नवा टॅब उगवायचा, बाहेर आला की नाहीसा. पापडवाल्या मावशींनी माउसच सोडला. "ताई, आत्ता इथंच होतं ना गं ते?" नव्याने शिकणारा माणूस आधी जागा लक्षात ठेवतो, नाव नंतर. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस 2000 मध्ये कमी वापरलेल्या आज्ञा मेन्यूतून आपोआप दडायच्या, तीही हीच पंचाईत.

मग 'सिंगल टूलबार' घेतला, म्हणजे बटणांची एकच पट्टी. त्यावर राइट क्लिक करून 'व्हिजिबल बटन्स'मधल्या खुणा काढत गेले. नऊ बटणं उरली. 'कस्टमाइझ'मध्ये चित्राशेजारी शब्दही दाखवता येतात, नावं बदलता येतात. आमच्यात 'जतन करा' कोण म्हणतं? मी 'सेव्ह करा' लिहिलं, 'प्रिंट काढा' लिहिलं. त्या दिवसापासून मला हाका कमी झाल्या. काढलेलं काही हरवत नाही, वरच्या मेन्यूत असतंच.

एक त्रास मात्र आहे. ही मांडणी त्या कॉम्प्युटरपुरतीच राहते. कोणाच्या तरी भाच्याने सेफ मोडमधून, म्हणजे प्रोग्राम बिघडल्यावर दुरुस्त करायच्या सोयीतून, सगळं रीसेट केलं आणि माझी रविवारची दुपार गेली. आता 'लिब्रेऑफिस'च्या '4' नावाच्या फोल्डरमधलं 'यूजर' फोल्डर, ज्यात ही मांडणी साठते, त्याची प्रत पेनड्राइव्हवर ठेवते. हे आधीच करा.

दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी आल्या. चकली दोन किलो, करंज्या पन्नास. मावशी स्पेस दाबदाबून रकाने जुळवत होत्या. अक्षर मोठं केलं आणि सगळे आकडे सरकले. "याला रेघा मारून मिळतील का?" तेव्हा दहावं बटण दिलं, 'टेबल'. पाच मिनिटांत शिकल्या, कारण ते त्यांनी स्वतः मागितलं होतं. परवा हळदीकुंकवाच्या पत्रिकेत फोटो घालायचा म्हणाल्या. शनिवारी अकरावं बसवतेय.