जुन्या मुंबईचे सहा मग आणि गेलेले ९,९७२ रुपये

रक्कम आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणी हसणार नाही. एकूण ९,९७२ रुपये गेले. त्यांपैकी २,४९३ रुपये चिनीमातीच्या सहा मगांचे, आणि उरलेले ७,४७९ रुपये ते पैसे परत मिळवण्याच्या खटपटीत गेलेले.

वडिलांचे बालपण गिरगावात गेले. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला निघालेली मुंबईची शेवटची ट्राम पाहायला लोटलेल्या गर्दीत तेही होते. त्यामुळे त्यांच्या पंच्याहत्तरीला घरातल्या प्रत्येकाच्या हाती जुन्या मुंबईचे छायाचित्र असलेला मग असावा, असे ठरवले आणि मोबाईलवर आलेल्या एका जाहिरातीवरून मागणी नोंदवली. एका मगाची किंमत ३९९ रुपये, सहा मगांचे २,३९४ आणि पोचवण्याचे ९९. हा भाव काही फुकटाफाकटी नव्हता. असे मग बाजारात याच दराने मिळतात, त्यामुळे स्वस्ताईला भुलून फसलो असे कोणी म्हणू नये. माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय तेथे नव्हती, एवढे मात्र खरे. अशा दुकानाकडून काहीही मागवू नका.

ज्या गोष्टीचा आजही संताप येतो ती त्या चित्रातच होती. खाली लिहिले होते, ‘काळबादेवी, १९१०’, आणि रस्त्याच्या मधोमध उभी होती दुमजली ट्राम. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावू लागली आणि दुमजली ट्राम आली ती १९२० मध्ये, हे वडिलांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. शिवाय त्या ट्रामच्या वर तार नव्हती आणि पुढे घोडेही नव्हते. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे ना मराठी, ना गुजराती, ना इंग्रजी. हे सगळे मी पाहिले, चित्र मोठे करून पाहिले, आणि जुन्या छायाचित्रात तार पुसट झाली असेल, साल कोणी अंदाजाने घातले असेल, अशी समजूत करून घेतली. संगणकाकडून बनवून घेतलेल्या चित्राला पिवळट रंग दिला की तो जुना फोटो होतो, हे तेव्हा मनात आले नाही. आणि दुमजली ट्राम दिसावी म्हणून तर मी तो मग निवडला होता!

हाती आलेले मग साधे पांढरे, वर चिकटवलेला कागद. गरम चहा ओतून एकदा धुताच काळबादेवीचा एक कोपरा सुटून वर आला. खऱ्या छपाईत मगावर आधी विशिष्ट लेप असतो आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअस उष्णतेने रंग त्या लेपात मुरतो. त्यामुळे चित्राच्या कडेवरून नख फिरवले तर ते अडकत नाही. माल उघडताना चित्रीकरण करा आणि पहिल्यांदा नख फिरवून पाहा.

पैसे परत मागण्यासाठी पावतीवरच्या क्रमांकावर दूरध्वनी केला. अत्यंत अदबीने बोलणाऱ्या गृहस्थाने एक क्यूआर कोड पाठवला आणि परताव्यासाठी तो स्कॅन करायला सांगितले. पडद्यावर बरोबर २,४९३ हाच आकडा दिसला, म्हणून हाच आपला परतावा असे वाटले. माझ्या जागी कोणालाही वाटले असते. मी पिन टाकला आणि पैसे खात्यातून गेले. ‘तांत्रिक चूक झाली, आता दोन्ही रकमा एकदम जमा करतो,’ असे म्हणून त्याने ४,९८६ रुपयांचा दुसरा कोड पाठवला, आणि तेही गेले. पैसे घेताना पिन कधीही टाकावा लागत नाही, हे वाक्य घरातल्या प्रत्येकाकडून पाठ करून घ्या.

यानंतरचा छळ अधिकृत होता. सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा १९३० हा दूरध्वनी क्रमांक बराच वेळ लागला नाही. लागल्यावर तक्रार क्रमांक मिळाला आणि पोलीस ठाण्यात जाण्याचा सल्ला. पोलीस ठाण्यात सांगितले की ऑनलाइन प्रकरण आहे, ऑनलाइनच तक्रार करा. ती केलेली आहे म्हटल्यावर, आरोपी दुसऱ्या राज्यातला दिसतो, हद्द आमची नाही, असे उत्तर आले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, असे मी म्हणालो, तेव्हा समोरचे साहेब शेजारच्याला म्हणाले, ‘कपबशीची केस आलीय.’ बँकेने तर हातच झटकले: पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. ज्या खात्यात पैसे गेले ते कोणी उघडले, कोणती कागदपत्रे पाहून उघडले, हे विचारले तर ती माहिती गोपनीय! चोराची गोपनीयता जपणारी ही यंत्रणा माझ्याकडून मात्र तोच अर्ज पुन्हा पुन्हा लिहून घेत राहिली. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावरील व्यक्ती सभ्यपणे बोलली, पण तक्रार पाठवायची कोणाला, कारण पावतीवरचा पत्ताच खोटा निघाला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे विक्रेत्याने तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव आणि संपर्क जाहीर करायचा असतो. ते नाव दिसत नसेल तर पैसे भरू नका. मी ते शोधले, पण पैसे भरून झाल्यावर.

पैसे गेल्याचे कळताच आधी १९३० ला कळवा, पोलीस ठाणे नंतर. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडवली तरच काही आशा असते. जाहिरात आणि दुकानाचे पान दोन्हींची छायाचित्रे लगेच काढून ठेवा, कारण माझ्या दुकानाचे पान तक्रारीनंतर नाहीसे झाले. दुकानदार मात्र नाहीसा झालेला नाही. तेच चित्र, तीच तारेविना चालणारी दुमजली ट्राम, आता दुसऱ्या नावाच्या दुकानात ३४९ रुपयांना विकली जात आहे, आणि खाली लिहिले आहे, ‘पुणे, लक्ष्मी रस्ता, १९१०’. पुण्यात ट्राम कधी धावलीच नाही.