कंपनीच्या खर्चानं हेवी लायसन्स मिळालं, पण ताडपत्री कोण शिकवणार?

गेल्या पगारातून साडेचार हजार कापून आले तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच. स्लिपवर कारण एका ओळीत: 'माल भिजला'. सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यातून भिवंडीच्या गोडाऊनला साखर चालली होती, लोणावळ्यात पावसानं झोडपलं आणि केबिनमागच्या पोत्यांना पाणी लागलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, बॉण्ड अजून चालू आहे.

योजना बहुतेकांना माहीत असेलच. ट्रान्सपोर्ट कंपनी हेवीचं लायसन्स काढून देते, ट्रेनिंगच्या काळात राहणं, जेवण आणि थोडा स्टायपेंड, बदल्यात दोन वर्षं त्यांच्याकडंच गाडी चालवायची, आधी सोडली तर पैसे भरायचे. हाच तो बॉण्ड. मी आधी पिकअपवर होतो. मालासकट साडेसात हजार किलोपर्यंतची मालाची गाडी साध्या लाईट लायसन्सवर चालते, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये त्यावर परत शिक्कामोर्तब केलंय. त्याच्या वर जायचं तर हेवी लागतंच. त्यासाठी लाईट लायसन्सला वर्ष झालेलं पाहिजे, वय वीस पूर्ण पाहिजे आणि ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5, म्हणजे शिकल्याचा दाखला, पाहिजे. आठवी पासची अट 2019 मध्येच गेली, एजंट अजून तिच्या नावाखाली पैसे मागतात ते वेगळं. आमच्याकडच्या स्कूलवाल्यानं चौदा हजार सांगितले, आणि त्याच्या एका जुन्या गाडीवर पोरांची रांग. फुकट मिळतंय म्हणल्यावर मी कंपनीकडं गेलो, यात लपवण्यासारखं काही नाही.

ट्रेनिंगमध्ये सिम्युलेटर होता, म्हणजे पडद्यासमोर बसून गाडी चालवायचं मशीन. त्याच्याबद्दल आधी माझं मत फार वाईट होतं. घरी फोन करून म्हणलं होतं, व्हिडिओ गेम खेळायला आणलंय. आता मत बदललंय. घाटात ब्रेक तापून पकडेनासे झाले की काय होतं हे खऱ्या गाडीत कुणी शिकवू शकत नाही, शिकवायला गेलं तर शिकणारा उरणार नाही. मशीनवर मात्र पेडल दाबत राहा, गाडी थांबत नाही, हवेच्या प्रेशरचा काटा खाली येत राहतो. पुढं खंबाटकी घाटात पहिल्यांदा भरलेली गाडी घेऊन गेलो तेव्हा पाय आपोआप ब्रेकवरून निघाला आणि एक्झॉस्ट ब्रेककडं, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी हळू करणाऱ्या ब्रेककडं, हात गेला.

यातलं बरंचसं श्रेय शिकवणाऱ्या सरांचं. एसटीतून रिटायर झालेले, आवाज डेपोतल्या भोंग्यासारखा. त्यांचा सगळा राग न्यूट्रलवर. 'डिझेल वाचतंय' म्हणून उतारावर न्यूट्रल करणाऱ्याला ते गाडीतून खाली उतरवायचे. आताच्या इंजिनाला गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जातच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते खर्च होत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही आणि ब्रेकवर भार दुप्पट. पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर काय काय अपघात झालेत ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. सर ते रोज सांगायचे.

युरियाचंही शिकवलं. बीएस-6, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या गाडीत, धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचा हा युरिया संपला की ती पळायचंच नाव घेत नाही. रिव्हर्स, स्टेपनी, गाडी काढायच्या आधीची तपासणी, सगळं ठीक.

आता ताडपत्री. चकचकीत माहितीपत्रकावर बंद कंटेनरच्या गाड्यांचे फोटो होते. प्रत्यक्षात चावी मिळाली उघड्या हौद्याच्या गाडीची. आणि उघड्या गाडीवर अर्धी नोकरी ताडपत्रीची असते, हे त्या अख्ख्या ट्रेनिंगमध्ये एका शब्दानं कुणी बोललं नाही. ब्लाइंड स्पॉटवर तास, आगीवर तास, 'तणावमुक्त जीवन'वरसुद्धा तास, दोरीवर एकही नाही. शेवटी धाब्यावर भेटलेल्या नांदेडकडच्या एका वस्तादांनी माझी गाडी बघून कपाळाला हात लावला आणि सगळी ताडपत्री सोडायला लावली.

त्यांनी सांगितलं ते इथं लिहून ठेवतो, कारण कंपनी सांगणार नाही. भरायच्या आधी हौद्यातही एक ताडपत्री अंथरायची, चाकाचं पाणी फळ्यांच्या फटीतून वर येतं. पोती लावताना मधला थर उंच ठेवायचा, म्हणजे वर पाणी साठत नाही. दोन ताडपत्र्या असतील तर मागची आधी टाकायची आणि पुढची तिच्यावर चढवायची. उलटं केलं की गाडीच्या वेगानं वारा आणि पाऊस दोन्ही सांध्यातून आत शिरतात. पुढचे कोपरे आत दुमडायचे, लोंबते ठेवायचे नाहीत. दोरी एका बाजूच्या हुकातून दुसऱ्या बाजूला आडवीतिडवी न्यायची, आणि वीस-तीस किलोमीटर गेल्यावर उतरून परत ताणायची, कारण माल बसला की ती ढिली पडते. माझ्या त्या साखरेच्या गाडीत पुढची ताडपत्री खाली होती. कारखान्यावर हमालांनी तशीच ओढली, सुपरवायझरनं तशीच पास केली, आणि पैसे कुणाचे कापले? माझे.

एवढ्या छोट्या गोष्टीवर एवढं काय, असं कुणी म्हणेल. कंटेनरवाला म्हणेल.

बॉण्डबद्दल सहा महिन्यांपूर्वी लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या घातल्या असत्या. आता एवढंच म्हणतो की बॉण्ड-बॉण्डमध्ये फरक असतो. माझा साठ हजारांचा आहे, पण दर महिन्याला रक्कम कमी होत जाते. दुसऱ्या एका कंपनीच्या कागदात शेवटच्या महिन्यात सोडलं तरी पूर्ण रक्कम होती, आणि दहावीचं मूळ मार्कशीटही ठेवून घेणार होते. तिथून मी उठूनच आलो. कागदात आकडा कितीही छापलेला असला तरी करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे वाजवी भरपाईच मिळते, पण त्यासाठी कोर्टात जायची ताकद ड्रायव्हरकडं कुठून येणार? म्हणून सही करायच्या आधीच वाचा. पगार किलोमीटरवर आहे की महिन्यावर, लोडिंगला थांबलेल्या दिवसाचं काय, हेही विचारा. कारखान्यावर साखरेला दोन-दोन दिवस नंबर लागत नाही, आणि किलोमीटरवाल्याच्या खिशात तेवढे दिवस शून्य पडतं.

आणि भरती ऑफिसातल्या एसीत बसून ठरवू नका. कंपनीच्या पार्किंगमध्ये जा, उघड्या गाड्या किती, कंटेनर किती ते डोळ्यांनी मोजा, आणि नव्या पोरांना कुठली गाडी देतात ते तिथल्या ड्रायव्हरलाच विचारा. चहा पाजलात तर बॉण्डचंही खरं सांगेल.

साडेचार हजारांचा विषय मी सोडलेला नाही. भिजलेल्या मालाचे पैसे पगारातून कापायचे तर नुकसान माझ्याच हयगयीनं झालं हे दिसलं पाहिजे, आणि कापण्याआधी मला माझं म्हणणं मांडू द्यायला पाहिजे. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय, लोडिंगच्या वेळचे फोटो जोडलेत. सुपरवायझर म्हणाला, "एवढ्याशा पैशासाठी कशाला कागद नाचवतोस?" म्हणलं, "साहेब, एवढेसेच आहेत तर मग तुम्हीच द्या की."