कापसाच्या सीझनमध्ये काटा बंद पडला तर? क्लाउड बॅकअप की डिझास्टर रिकव्हरी

दिवाळीनंतरचा ऐन सीझन होता. आमच्या तालुक्यातल्या एका जिनिंग कारखान्याच्या संगणकातल्या सगळ्या फायली रॅन्समवेअरने, म्हणजे फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, कुलूपबंद केल्या. बॅकअप रोज व्हायचा, पण त्याच संगणकाला कायम लावलेल्या हार्डडिस्कवर, म्हणून तीही गेली. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या उभ्या, संगणकावर चालणारा वजनकाटा बंद, आणि एकच विचारणा: "भाऊ, काटा कवा सुरू होईन?"

ह्या प्रश्नावरच दोन्ही सेवांमधला फरक कळतो. क्लाउड बॅकअपमध्ये तुमच्या डेटाची प्रत दूरच्या सर्व्हरवर राहते. संगणक गेला तर दुसरा आणा, टॅली आणि काट्याचं सॉफ्टवेअर टाका, मग डेटा उतरवा. यात एखादा दिवस सहज जातो. डिझास्टर रिकव्हरीत आख्ख्या सर्व्हरची नक्कल तिकडे तयार असते. इथला पडला की तिथला सुरू करायचा, म्हणजे काम काही मिनिटांत किंवा तासांत पूर्ववत. खर्च अर्थातच बराच जास्त.

पण आपल्याकडे खरी अडचण लाइनची आहे. 10 एमबीपीएस अपलोड पूर्ण वेगाने मिळाला तरी 100 जीबी चढायला 22 तास लागतात. शिवाय रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली, तर मुंबईतला सर्व्हर चालू असून तुमच्या काट्याला त्याचा उपयोग नाही. डिझास्टर रिकव्हरी घ्यायची असेल तर दुसऱ्या कंपनीची लाइन आधी घ्या.

कृषी केंद्राला बॅकअप पुरे. एक दिवस बिलं हाताने फाडता येतात. शेतकरी उत्पादक कंपनीला तर पर्यायच नाही. हिशेब संगणकावर असेल तर त्याचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं 2022 पासून कायद्याने बंधनकारक आहे. पाच-सहा शाखा एकाच सर्व्हरवर चालवणाऱ्या पतसंस्थेने मात्र डिझास्टर रिकव्हरीचे पैसे वाचवू नयेत. खातेदार खिडकीशी उभा असताना "उद्या या" म्हणून चालत नाही.

एक काट्याच्या जिनिंगला मी बॅकअपच सुचवतो, सोबत सगळं सॉफ्टवेअर टाकून ठेवलेला एक जादा लॅपटॉप. फायलींच्या जुन्या प्रती निदान 30 दिवस टिकतात का, हे विक्रेत्याला विचारा. नाहीतर कुलूपबंद फायलीच चांगल्या फायलींच्या जागी जाऊन बसतील.

त्या जिनिंगने हेच केलं. आता दसऱ्याआधी आम्ही एकदा त्या लॅपटॉपवर डेटा उतरवतो, काटा जोडतो आणि एक रिकामी गाडी चढवून काटापट्टी काढून बघतो.