मळ्यातल्या घराला मागे एक खोली: आर्किटेक्टबाईंच्या कामाबद्दल

पणजीच्या जुन्या वस्तीत घर आहे आणि त्याला एखादी खोली वाढवायची आहे, तर या ऑफिसात बेलाशक जा. फक्त पैशांचं बोलणं पहिल्याच भेटीत कागदावर घ्या. मी पाचपैकी चार तारे दिलेत, पाचवा त्यापायीच गेला.

आमचं घर मळा या पणजीच्या जुन्या वाड्यात, फोंतेन्हासच्या बाजूला, आल्तिन्हो टेकडीच्या उताराला पाठ लावून. चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंती, मंगळुरी कौलं, आणि पुढचं बाल्कांव, म्हणजे बसायची ओसरी, थेट रस्त्याला टेकलेलं. न्हाणीघर मागे परसात. सासूबाईंचे गुडघे गेलेत आणि मधल्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, म्हणून घराला लागून एक खोली आणि आतच बाथरूम, एवढीच गरज होती. यजमानांच्या डोक्यात मात्र वर स्लॅबचा मजला. खर्च करायचाच तर दोन्ही होऊ दे, असं त्यांचं गणित.

बाई घर बघायला आल्या तेव्हा बराच वेळ आत आल्याच नाहीत. रस्त्यापलीकडे उभ्या राहून फोटो काढत होत्या, तेही नुसत्या आमच्या घराचे नव्हे, ओळीतल्या सगळ्या घरांचे. मग चहा घेताना यजमानांना म्हणाल्या, "भाई, वरचा मजला विसरा. तुमचं आढं ओळीच्या वर डोकावलं की संवर्धन समितीपुढे मला बोलायला तोंड राहणार नाही. मागे काय होतं ते बघू." गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी नाही म्हणणारं माणूस मला आवडतं. त्याआधी ज्या काँट्रॅक्टरला विचारलं होतं तो "घालून टाकू, मग बघू" म्हणाला होता.

आमच्या एका नातेवाइकाने तर "युनेस्को आहे, शंभर मीटरात चिराही लावू देत नाहीत" म्हणून घाबरवून ठेवलं होतं. बाईंनी ते दोन मिनिटांत निस्तरलं. ते सगळं जुन्या गोव्याचं. तिथली चर्च आणि मठ १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. शिवाय केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरात नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरात परवानगी घेऊनच. आमच्या गल्लीचा प्रश्न राज्याच्या नियमांचा. संवर्धन क्षेत्र असल्याने प्रस्ताव संवर्धन समितीपुढे जातो. त्याशिवाय नियोजन प्राधिकरणाची तांत्रिक मंजुरी, आरोग्य खात्याचा दाखला आणि शेवटी महापालिकेचा बांधकाम परवाना.

खरी दमछाक नकाशापेक्षा मालकीच्या कागदांनी केली. सिटी सर्व्हेच्या फॉर्म डीवर, म्हणजे मालकीच्या उताऱ्यावर, अजून सासरे आणि चुलत सासरे यांची नावं, दोघेही आता नाहीत. पी. टी. शीट आणि चलता नंबर, म्हणजे सर्व्हेतले जागेचे क्रमांक, तोंडपाठ असून काय उपयोग, वारसांच्या सह्या हव्यात. आणि गोव्यात लग्नानंतर मालमत्ता नवराबायकोची सामायिक, त्यामुळे चुलत दिराची सही पुरत नाही, जाऊबाईंचीही लागते. आमच्या जाऊबाई पुण्याला. "मी त्या घरात गणेशचवथीला सोडून राहिले कधी?" म्हणत होत्या. बाईंनी हे सुरुवातीलाच सांगून नाहरकतीचा मसुदा हातात दिला होता, म्हणून फाइल त्यासाठी परत आली नाही. शेजारच्या घरात नेमकं यातच वर्ष गेलंय.

आता नकाशा. नवी खोली परसात, तिचं छप्पर जुन्या वळचणीखालून सुरू होऊन मागे उतरतं. रस्त्यावरून काही म्हणजे काही दिसत नाही. भिंती चिऱ्याच्याच, बाहेरून चुन्याचा गिलावा. यजमानांनी सिमेंटचा आग्रह धरला तेव्हा बाईंनी त्यांना स्वयंपाकघराची मागची भिंत दाखवली. आम्हीच पूर्वी सिमेंट मारून घेतलेली, दर पावसाळ्यात फुगते. चिरा पाणी पितो आणि ते बाहेर टाकायला त्याला वाट लागते, सिमेंट ती वाट बुजवतं. उतारावरून येणारं पाणी आधीच अडवून वळवायला खोलीमागे एक चर काढलाय. तो आम्ही मागितलाही नव्हता. समितीकडून शंका आली ती एकच, सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीची. तिथे लाकडी झडपं दाखवली आणि गाडी पुढे गेली. (मला ती आधीपासूनच हवी होती. असो.)

आता तक्रार. जुन्या घराचा मोजमाप घेऊन केलेला नकाशा, त्याचे पैसे फीमध्ये धरलेले नव्हते, हे बिल हातात आल्यावर कळलं. रक्कम अवाजवी नव्हती, पण आधी बोलायला काय हरकत होती? दुसरं म्हणजे फाइल कुठे पोचली हे ऑफिस आपणहून कळवत नाही. बाई साइटवर असल्या की फोन उचलत नाहीत. त्यांच्याकडचा मदतनीस मुलगा मात्र चोख आहे. त्याला मेसेज टाकला की संध्याकाळपर्यंत उत्तर येतं.

परवाना हातात आलाय, चिरे परसात येऊन पडलेत. चुन्याचं काम जाणणारा गवंडीही त्यांनीच गाठून दिला. त्याची मजुरी सिमेंटवाल्यापेक्षा जास्त आहे आणि चवथीच्या आधी तो कोणाच्याच हाती लागत नाही, तेव्हा काम कधी धरायचं ते आधी त्याला विचारून ठरवा.