अ‍ॅक्सिऑनच्या शोधात: न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर?

तलावपाळीवर फिरताना लेकीने विचारलं, "बाबा, नवे कण कुठे शोधायचे?" नवा कण म्हणजे इथे अ‍ॅक्सिऑन, अजून कुणाला न सापडलेला, कल्पनेतला अतिहलका कण. माझा कौल न्यूट्रॉन ताऱ्याला, म्हणजे मेलेल्या जड ताऱ्याच्या अतिघन गाभ्याला. व्यास जेमतेम २०-२५ किलोमीटर, म्हणजे ठाणे ते दादर! पण चुंबकीय क्षेत्र इतकं प्रचंड, की त्यात अ‍ॅक्सिऑनच्या रेडिओलहरी व्हाव्यात. कणाचं वस्तुमान एक मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांचं वस्तुमान ऊर्जेच्या एककात सांगतात) असेल, तर संकेत सुमारे २४२ मेगाहर्ट्झला; आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटी) टप्प्यातच की! ताऱ्याभोवतालच्या प्लाझ्माचं (विद्युतभारित कणांच्या वायूचं) गणित मात्र किचकट.

कृष्णविवराला फक्त गुरुत्वाकर्षण पुरतं. कण वरच्या एक मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्टहून कितीतरी हलका असेल, तर विवराची फिरकी शोषून भोवती अशा कणांचा ढग जमतो आणि विवर मंदावतं. म्हणून जुनं विवर अजून वेगाने फिरताना दिसलं, की त्याला मंदावू शकला असता अशा वस्तुमानाचा कण नसावाच, अशी शंका. पण फिरकी अचूक मोजणं फार अवघड.