ई-टाइपमध्ये आम्ही तिघं

जग्वार ई-टाइप ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार विकत घ्यायची म्हणून बघायला गेलेली माणसं आधी इंजिनाचा आवाज ऐकतात, मग वाकून गंज शोधतात. दोन्ही केलंच पाहिजे. पण त्याच्याही आधी रोजचे बूट घालून आत बसा, आणि निदान अर्धा तास बसून राहा. आमच्याकडे १९६५ ची ४.२ लिटरची, बंद छताची कूपे आहे. सहा वर्षं ती आम्ही तिघं चालवतोय. मी पाच फूट दोन इंच, नवरा पाच फूट दहा आणि भाचा सहा फूट दोन.

"सहा फुटी माणूस मावतो का हो यात?" हे मला प्रत्येक जण विचारतो. मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो, आणि हे मी आमच्या घरात पाहिलंय. गाडी आली त्या दिवशी भाचा अंग चोरत आत शिरला, मान सरळ केली आणि म्हणाला, "मावशी, डोकं नाही लागत!" त्याच्यापेक्षा चार इंचांनी बुटका असलेला नवरा बसला, तर त्याचे केस छताच्या अस्तराला घासत होते. मग दोघांना भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसवलं, डोक्यावर पुस्तक आडवं धरलं आणि पेन्सिलीने खुणा केल्या. नवऱ्याची खूण अर्धा इंच वर निघाली. भाच्याची सगळी जास्तीची उंची पायांत आहे. तेव्हा गाडी बघायला जाण्यापूर्वी आपली बसती उंची मोजून ठेवा. या गाडीची जमिनीपासून छतापर्यंतची एकूण उंचीच मुळात सुमारे ४८ इंच आहे, त्यात अर्ध्या इंचालाही किंमत आहे.

नवऱ्याच्या त्रासाचं खरं कारण मात्र छत नव्हतं, सीट होती. आमच्या आधी कोणीतरी सीटचं काम नव्याने करून घेतलं होतं. कातडं सुरेख, शिलाई सुरेख, पण आत ठासून घट्ट फोम भरलेला. बसल्यावर सीट दबतच नव्हती. आम्ही ती उसवून घेतली, बुडाखालचा फोम दीड इंच कापला आणि मांडीखालची पुढची कड तशीच ठेवली. ती कड कापू नका, लांबच्या प्रवासात मांड्यांना तोच आधार असतो. आता नवऱ्याचं डोकं आणि छत यांच्यात दोन बोटं सहज जातात. नव्याने सजवलेली गाडी घेणार असाल, तर सीट हाताने दाबून बघा, नुसती डोळ्यांनी बघू नका.

भाच्याची अडचण गुडघ्यांची. सीट मागच्या पत्र्याला टेकेपर्यंत सरकवली, तरी ब्रेकसाठी पाय उचलताना गुडघा स्टीअरिंगच्या लाकडी कडेवर आपटायचा. स्टीअरिंगच्या मागे एक खाचांची रिंग आहे, ती सैल केली की स्टीअरिंगचं चाक आत-बाहेर सरकतं. आम्हाला वाटलं, उंच माणसासाठी चाक आत ढकलायचं. झालं उलटंच. चाक बाहेर ओढल्यावर त्याची कड गुडघ्यांवरून मागे, मांड्यांच्या वर आली आणि गुडघे मोकळे झाले. त्याने जाड तळव्यांचे बूटही सोडले. पेडल एकमेकांना इतकी जवळ आहेत की रुंद बूट असेल तर ब्रेक दाबताना ॲक्सिलरेटरही दाबला जातो. यात तडजोड करू नये, हा जिवाचा प्रश्न आहे.

आता माझं. कमी उंचीच्या माणसाचं सगळं सोपं असेल असं लोक धरून चालतात. तसं नाही. क्लच पूर्ण तळाला न्यायचा तर सीट अगदी पुढे घ्यावी लागते. मग चाक छातीशी येतं, म्हणून मी ते पूर्ण आत ढकलते. आणि समोर बघावं तर बॉनेटचा मधला उंचवटा तेवढा दिसतो, नाक कुठे संपतं ते कळत नाही. नवऱ्यासाठी सीट खाली गेल्यावर माझं दिसणं आणखी कमी झालं. मी मागे जाड, पुढे पातळ अशी उतरती घट्ट उशी करून घेतली आणि तिला पट्टे लावले. पट्टे हवेतच. सुटी उशी घसरली की क्लच दाबायला आधारच राहत नाही.

वर्ष निवडताना उंच लोकांनी एक लक्षात ठेवावं. १९६१ साली ही गाडी आली तेव्हा पायाखालचा पत्रा सपाट होता. १९६२ मध्ये तो खोलगट केला आणि टाचांना जागा मिळाली. संग्राहक सपाट पत्र्याच्या गाड्यांना फार मान देतात. मीही त्या डोळे भरून बघते, पण भाच्याला त्यात बसवणार नाही. १९६६ ची टू प्लस टू, म्हणजे मागे दोन छोट्या सीट असलेली ई-टाइप, नऊ इंचांनी लांब आणि छताला उंच आहे, मागून थोडी बोजड दिसते, पण लांब पाठीच्या माणसाने बिनधास्त तीच घ्यावी. १९७१ पासूनच्या व्ही-ट्वेल्व्ह, म्हणजे बारा सिलिंडरच्या, गाड्या सगळ्या त्याच लांब चेसिसवर आहेत. उघड्या गाडीत डोक्याचा प्रश्न सुटेल असं वाटतं, पण नवरा एकीत बसला तर समोरच्या काचेची वरची चौकट नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर.

आणि उंचीमुळे गाडी हातची गेली असं वाटत असेल, तर फ्रान्समधल्या ल माँच्या १९६७ च्या चोवीस तासांच्या शर्यतीची आठवण ठेवा. फोर्डच्या मार्क फोर या रेसिंग कारमध्ये उंच ड्रायव्हर डॅन गर्नीचं हेल्मेट मावेना, तर छतालाच फुगवटा काढला. त्याचा जोडीदार ए. जे. फॉइट त्याच्यापेक्षा बुटका होता, आणि तीच गाडी आळीपाळीने चालवून दोघांनी शर्यत जिंकली.

आमच्याकडे आळीपाळीचा ठरलेला क्रम असा आहे. माझी फेरी झाली की मी उशी सोडून सीटच्या मागे ठेवते, सीट मागे सरकवते, रिंग सैल करते आणि चाक बाहेर ओढून रिंग पुन्हा घट्ट आवळते. भाचा आधी बूड टेकतो, मग डोकं आत घेतो आणि शेवटी एकेक पाय चाकाखालून सरकवतो. दोन मिनिटं लागतात. आरसा मात्र तो कधीच आपणहून नीट करत नाही, दर वेळी आठवण करावी लागते.